परक्या ओट्यावर घरचा स्वयंपाक

पत्र थोडक्यात असं आहे. निपाणीजवळच्या एका खेड्यातली तेवीस वर्षांची मुलगी सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी जर्मनीत, बवेरियातल्या एका लहान गावी राहते आहे. ज्या कुटुंबात तिची सोय झाली तिथे साठीतले नवरा-बायको आहेत. रविवारी त्यांची मुलगी, जावई आणि नातू जेवायला येतात. निघायला महिना उरलाय. "जायच्या आधी एकदा तुझ्या घरचं जेवण करून घालशील का?" असं त्या बाईंनी विचारलं आणि हिची झोप उडाली. ती लिहिते, "त्यांना भारतीय जेवण म्हणजे बटर चिकन आणि नान ठाऊक. आमच्या घरी भाकरी, वांगं, चटणी. ते पाहुण्यांपुढे ठेवायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. आई म्हणते पुरणपोळी कर. शिवाय गल्लीतला एकजण पंधरा दिवसांनी म्युनिकला येतोय, त्याच्याबरोबर कुंदा पाठवते म्हणते. पुण्याची मैत्रीण म्हणते महाराष्ट्रीयन थाळी कर, धारवाडची म्हणते हे तर आमचं उत्तर कर्नाटकाचं जेवण. मी हे जेवण कुठलं म्हणून सांगू? (तसं घरी भाकऱ्या कायम आईच थापायची. माझा हात भात-आमटीच्या पुढे गेला नाही.)"

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, काय रांधावं एवढाच प्रश्न आहे. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या कंसापाशी थांबले. भाकरी साधी आहे, पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखी नाही, हे तू पत्रभर वेगवेगळ्या शब्दांत सांगतेस. ती तुला येत नाही, हे मात्र एकदाच, तेही कंसात. मला वाटतं तुझी झोप त्या कंसानं उडवली आहे.

म्हणून आधी या दोन गोष्टी वेगळ्या करू. भाकरी येत नाही यात लाजण्यासारखं काही नाही. तू शिकत होतीस, आई करत होती, घर तसंच चालतं. पण आपल्याला न येणाऱ्या गोष्टीला आपण हळूच कमी प्रतीची म्हणायला लागतो, आणि तिथे तू आईच्या तीस वर्षांच्या हातावर अन्याय करते आहेस. शाळूची भाकरी, भरलं वांगं, जवसाची चटणी, घट्ट दही यात मला तरी कमी काही दिसत नाही. शिवाय त्या बाईंनी 'भारतीय जेवण' मागितलेलंच नाही. तुझ्याच पत्रात त्यांचे शब्द आहेत, 'तुझ्या घरचं'. बटर चिकन त्या गावातल्या हॉटेलात जाऊनही खातील. पाच महिने ज्या मुलीला त्यांनी आपल्या टेबलावर जेवू घातलं, ती आपल्या घरी काय खाते हे त्यांना बघायचंय.

आता भाकरीबद्दल माझं स्पष्ट मत. त्या रविवारी भाकरी करू नकोस. ज्वारीचं पीठ तिथे मिळेलही, पण पाकिटातलं पीठ दळून किती महिने झालेत कोण जाणे. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही. उकळतं पाणी घालून कितीही मळ, थापताना कडा फाटतातच. त्यात तुझ्या पत्रावरून शेगडी काचेची दिसते. जाळच नाही, तर तव्यावरून काढून विस्तवाला लावून भाकरी फुगवणार कशी? तव्यातच फडक्यानं दाबून फुगवता येते, पण त्याला हात बसलेला हवा. पहिली भाकरी पाच जणांसमोर थापायची नसते. हौस असेल तर एखाद्या मधल्या वारी संध्याकाळी एकटीच करून बघ, मोडली तर दुधात कुस्करून खा. पाहुण्यांसाठी भात. तुझा हात ज्यावर बसलाय तेच कर.

पुरणपोळीलाही माझा नकार आहे. आईला वाईट वाटेल, पण पुरण वाटणं, कणीक तिंबणं, पोळी लाटून न फाटता तव्यावर टाकणं ही नवख्या हाताची कामं नव्हेत. पुरणपोळी खाणाराला गोड लागते. करणारीचा सगळा दिवस त्यात जातो.

माझी एक आठवण सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुलाकडे इंग्लंडला गेले होते. शेजारच्या बाई रोज कुंपणावरून हसायच्या, एकदा बागेतली सफरचंदं आणून दिली. निघायच्या आधी त्यांना आणि त्यांच्या बहिणीला जेवायला बोलावलं आणि अकरा पदार्थ केले. त्या जेवत होत्या तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून पुऱ्या तळत होते, गरम गरम वाढत होते, आपल्याकडे वाढतात तशा. त्यांनी तीनदा म्हटलं, तुम्ही बसा की. मी बसले नाही. त्या गेल्या, भांडी आवरली, आणि लक्षात आलं की मी त्यांच्याशी धड चार वाक्यंही बोलले नव्हते. आठवड्यानं आम्ही परत आलो. त्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. अजून पुरी तळताना कधीतरी ते माझं रिकामं राहिलेलं ताट आठवतं.

तेव्हा असा बेत कर, की सगळे टेबलावर बसतील तेव्हा तूही बसशील आणि मधे एकदाही उठावं लागणार नाही. जर्मन घरांत सगळ्यांची ताटं वाढून झाली की बरोबरच सुरुवात करतात. तू उभी राहिलीस तर तेही हात आखडून तुझी वाट बघतील.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते लिहिते. मसुराची आमटी, भात, भरली वांगी, जवसाची चटणी, दही, काकडीची कोशिंबीर आणि गव्हाची खीर. सात नावं झाली, पण चुलीवरची कामं चारच, आणि त्यातली दोन आदल्या दिवशीची.

आमटीला तूरडाळ घेऊ नकोस. त्यांच्याकडे प्रेशर कुकर नसेल तर डाळ शिजता शिजता दुपार होईल. लाल मसूर डाळ तिथल्या कुठल्याही साध्या दुकानात मिळते आणि उघड्या पातेल्यात वीस मिनिटांत मऊ होते. चिंच नसेल तर उतरवल्यावर लिंबू पिळ.

वांगी शनिवारी रात्री कर. भरली वांगी दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगली लागतात, हे तुला सांगायला नको. लहान वांगी तुर्की दुकानात बघ. नाही मिळाली तर मोठ्याच्या जाड फोडी करून मसाला त्यांच्यावर पसर, चवीत फार फरक पडत नाही. पण शेंगदाण्याचं कूट घालायच्या आधी विचार. हे नुसतं 'चालेल ना' असं विचारू नकोस, नाव घेऊन विचार. युरोपात खाद्यपदार्थ विकणाऱ्याला ॲलर्जीचे १४ घटक जाहीर करावेच लागतात, आणि त्यातले बरेच आपल्या एका भरल्या वांग्यात आणि फोडणीत जमतात: शेंगदाणे, तीळ, मोहरी. पुढे खिरीतला गहू, दूध, काजू. त्यातून नातू लहान. हिंगाकडेही लक्ष दे, आपल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. घरात कुणाला गहू चालत नसेल तर हिंगही नको आणि खीरही तांदळाची कर. शेंगदाणा चालत नसेल तर सूर्यफुलाच्या बिया भाजून त्यांचं कूट घाल. तिथे त्या ब्रेडवर लावलेल्या तू बघितल्या असशीलच.

जवसाची चटणी मात्र सोडू नकोस. तुला वाटतं त्यांना आपलं काहीच ओळखीचं वाटणार नाही. अगं, जवस त्यांच्या पावात असतो, सकाळच्या मुसलीत असतो. फक्त तो भाजून, लसूण-मीठ-तिखट घालून कुटला की काय होतो हे त्यांना माहीत नाही. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाज, गार कर, मग वाट. दह्यात कालवून दिलीस तर नातूसुद्धा खाईल. तिखट ब्याडगीचं वापर: रंग भरपूर, जळजळ कमी. संकेश्वरीची बारकी मिरची तुझ्या एकटीच्या ताटासाठी ठेव.

खिरीला खपली गहू शोधत बसू नकोस. तुर्की दुकानात बुलगुर मिळतो, म्हणजे उकडून वाळवलेला गव्हाचा रवाळ भरडा. त्यातला जाड घे. एका वाटीला चार वाट्या पाणी, मऊ शिजला की पाऊण वाटी गूळ, खोबरं, वेलदोडा, थोडी सुंठ. वर भाजलेली खसखस. खसखशीचा केक तर त्यांच्या बेकरीत रोज असतो, मोनकूखन म्हणतात त्याला. तेव्हा खिरीतले ते बारीक दाणे बघून कुणी बिचकणार नाही. दूध वरून, ज्याचं त्यानं, वाटीत घ्यायचं. गूळ घालून उकळत असताना दूध ओतलंस तर फाटेल. आपल्याकडे जत्रेच्या महाप्रसादाला काहिलीत शिजते ती हीच खीर, आणि तुझी धारवाडची मैत्रीण हिलाच हुग्गी म्हणते.

आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते, कारण पत्रात तू तो वरवर लिहिलास तरी तो आत खोल गेलाय हे कळतं.

तू विचारतेस, कुठलं म्हणून सांगू? 'निपाणीचं' म्हण. मग आईचं नाव घे. यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नाही. पुण्याच्या मैत्रिणीच्या थाळीत कदाचित अळूवडी आणि मसालेभात असेल. तो तुझ्या घरी कधी होत होता? आणि धारवाडची म्हणते ते खोटं नाही. तुझं भरलं वांगं तिच्या घरी एण्णगाई आहे, तुझे कारळे तिचे गुरेळ्ळु, जवस तिची अगसी, भाकरी तिची रोट्टी. मला भरल्या वांग्यात कारळ्याचं कूट घालायला शिकवलं ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, शेजारच्या कन्नड अव्वांनी. त्यांना मराठी येत नव्हतं, मला तेव्हा कन्नड. त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, मसाला चाखला, मान हलवली आणि घरून मूठभर काळं कूट आणून त्यात घातलं. ते वांगं मी आजही तसंच करते. ते कुठल्या राज्याचं, हा प्रश्न मला पडला नाही आणि त्यांनाही पडला नसावा.

म्हणून मी तुला सीमाप्रश्न विसर असं मुळीच सांगणार नाही. आपल्या भागातल्या कितीतरी घरांनी त्यासाठी सोसलंय, आणि भाषेचं दुखणं खरं आहे. पण जेवताना कुणी विचारलं, कर्नाटकातली असून तू मराठी कशी, तर घाबरून विषय बदलू नकोस. चार वाक्यांत सांगता येतं. आमचा जिल्हा आधी मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा भाषेप्रमाणे आखल्या तेव्हा तो म्हैसूर राज्यात गेला, त्याचंच नाव १९७३ मध्ये कर्नाटक झालं. आमच्या भागात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात, आणि सीमेबद्दलचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या जिल्ह्याच्या शहराचं कागदावरचं नाव २०१४ मध्ये बेळगावी झालं, माझी आई बेळगावच म्हणते. एवढं सांग आणि आमटी पुढे कर. हवं तर त्यांनाच विचार: बवेरियात सकाळच्या गोल पावाला झेमल म्हणतात, बर्लिनमध्ये त्यालाच श्रिप्पे. मग तो पाव कुणाचा? यावर ते घर तासभर बोलेल बघ.

धारवाडची मैत्रीण तिथेच जवळपास असेल तर तिला शनिवारी बोलाव. दोघी मिळून वांगी भरा. तिच्या हाताला भाकरी येत असेल तर चार तीही करेल, आणि मग ती भाकरी तुला जमली नाही म्हणून आणलेली राहणार नाही, मैत्रिणीनं केलेली असेल.

काही बारीकसारीक गोष्टी आहेत, पण याच्यावरच दिवस बिघडतात. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा मिठापर्यंत सगळं शनिवारी दुपारीच घरात हवं. सामान तू आण, पैसे तू दे. पण तसं आधी बोलून ठेव, नाहीतर त्या बाई यादी मागतील आणि तुझा हिरमोड होईल. रविवारचा दिवस शांततेचा मानतात, खलबत्त्यात कुटायचं असेल तर तेही शनिवारीच. जेवण दुपारचं ठेव. बऱ्याच जर्मन घरांत रात्री नुसता पाव, चीज असं थंडच खातात. रात्री उशिरा भात-आमटी त्यांना जड जाईल. वेळ एकची सांगितली असेल तर ते एकलाच बसतील, 'येतच आहे, दहा मिनिटं' हे तिथे चालत नाही.

फोडणीच्या आधी खिडकी उघड, स्वयंपाकघराचं दार लाव. त्यांच्या घरांत धूर ओळखणारी यंत्रं कायद्यानंच लावलेली असतात, आणि सुक्या मिरचीच्या ठसक्यानं ते ओरडायला लागलं की तुझ्या हातातला झारा गळून पडेल. हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावरून आणि लाकडी चमच्यावरून जात नाही. त्यांचा चांगला टेबलक्लॉथ त्या दिवशी नको, हे तू स्वतः सुचव. हातानं जेवायचं की चमच्यानं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. चमचे ठेव आणि तू मात्र हातानं जेव. नातू तुझं बघून शिकेल.

आणि आग्रह करू नकोस. हे मला लिहायला जड जातंय, कारण आपल्याकडे आग्रहाशिवाय जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं. पण तिथे 'नको' म्हणजे खरंच नको. एकदा विचार, नाही म्हटलं तर भांडं टेबलावरच राहू दे. आवडलं असेल तर माणूस आपण होऊन वाढून घेतो. न आवडलेलं कुणी ताटात ठेवलं तर ते तुझं अपयश नाही. तुला त्यांचं आंबट कोबीचं लोणचं पहिल्या दिवशी आवडलं होतं का?

तुझ्यासारखी परदेशी कुणाच्या घरी राहणारी आणखी मुलं-मुली हे वाचत असतील. त्यांनी यादी तयार करण्याआधी त्या घरचा ओटा नीट बघावा: कोणती शेगडी, किती भांडी, खिडकी कुठे उघडते. बेत ओट्याला झेपेल तेवढाच करावा, आणि जो पदार्थ आधी एकदाही एकट्यानं केला नाही तो पाहुण्यांसमोर पहिल्यांदा करू नये. घरून काही न्यायचं असेल तर आधी त्या देशाचे नियम बघावेत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना खाण्याची वस्तू जाहीर करावी लागते, लपवली तर जागेवर दंड होतो.

तेच तुझ्या आईच्या कुंद्याबद्दल. कुंदा म्हणजे दूध आणि खवा, आणि भारतासारख्या बाहेरच्या देशातून प्रवाशानं दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेणं चालत नाही. तूपही त्यातच आलं. ताजा कढीपत्ताही तपासणीच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही. गल्लीतल्या त्या मुलाला विमानतळावर डबा उघडून कचऱ्यात टाकावा लागला, तर आईचा जीव किती हळहळेल. म्हणून आजच फोन कर. कुंदा नको म्हणताना आईच्या हातून काहीच येणार नाही असं वाटू देऊ नकोस. तिला सांग, ब्याडगीचं तिखट पाव किलो आणि भाजून कुटलेल्या कारळ्याची चटणी दे, दोन पिशव्यांत घालून, तोंड घट्ट बांधून, वर नाव लिहून. आणि त्याच फोनवर तिला विचार, वांग्याच्या मसाल्यात ती गूळ आधी घालते की नंतर. तुला ते माहीत नाही, असा माझा अंदाज आहे.